नवारिनो, १८२७: तीन वैरी, एक खाडी आणि मुंबईच्या गोदीतलं जहाज

गलबतवाला (धागाकर्ता)

मागे आरमाराच्या एका धाग्यावर मी जाता जाता लिहिलं होतं की इंग्रज, फ्रेंच आणि रशियन आरमारं एकदा एकाच बाजूने लढली आणि तेव्हा इंग्रजांचा सरखेल (आरमारप्रमुख) ज्या जहाजावर उभा होता ते आपल्या मुंबईत बांधलेलं होतं. त्यावर दोघातिघांनी 'कधी? कुठे? काहीही काय!' असं विचारलं. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा.

लढाई नवारिनोची, २० ऑक्टोबर १८२७. ग्रीसच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातली ही खाडी, तिथलं आजचं गाव पिलोस. वॉटर्लू होऊन जेमतेम बारा वर्षं झाली होती. इंग्रजांचा व्हाइस ॲडमिरल एडवर्ड कॉड्रिंग्टन ट्रफाल्गरला 'ओरायन' या जहाजाचा कप्तान होता. म्हणजे फ्रेंचांवर तोफा डागण्यातच त्याची उमेद गेलेली. आता हुद्द्याने तोच मोठा, त्यामुळे फ्रेंच रिअर ॲडमिरल द रिनी आणि रशियन रिअर ॲडमिरल हेडन दोघेही त्याच्या हुकमाखाली आले. (हेडन जन्माने डच, हेगचा. रशियाची चाकरी त्याने नंतर धरली.)

पार्श्वभूमी थोडक्यात. १८२१ मध्ये ग्रीकांनी तुर्की सत्तेविरुद्ध उठाव केला. सुलतान महमूद दुसरा याला तो आवरेना, तेव्हा त्याने इजिप्तच्या मेहमेत अलीला साकडं घातलं. मेहमेत अलीचा मुलगा इब्राहिम पाशा १८२५ च्या सुरुवातीला दक्षिण ग्रीसमध्ये, म्हणजे मोरियात उतरला आणि बंड जवळजवळ संपवतच आणलं. एप्रिल १८२६ मध्ये मिसोलोंगी पडलं, जून १८२७ मध्ये अथेन्सचा अक्रोपोलिस. युरोपातली सुशिक्षित मंडळी ग्रीकांसाठी वर्गणी गोळा करत होती, कविता लिहीत होती. कवी बायरन तर १८२४ मध्ये मिसोलोंगीतच तापाने गेला.

पण कवितांसाठी कोणी आरमार पाठवत नाही. रशियाला तुर्कांशी लढायचंच होतं, धर्मबंधूंचं रक्षण हे निमित्त तयार होतं. इंग्रजांना ग्रीकांचा पुळका कमी आणि रशिया एकट्याने भूमध्य समुद्रात घुसेल याची धास्ती जास्त. शिवाय एजियन समुद्रात चाचेगिरी बोकाळून व्यापार बुडत होता. फ्रेंचांची गोष्ट तर आणखी गमतीची. मेहमेत अली त्यांचा दोस्त, त्याच्या आरमाराला शिकवायला फ्रेंच अधिकारी, त्याची काही फ्रिगेटं (मध्यम आकाराची लढाऊ जहाजं) मार्सेलीत बांधलेली. तरीही इंग्रज आणि रशियन मिळून पूर्वेकडचा निवाडा करणार आणि आपण काठावर बसणार, हे पॅरिसला सहन होईना.

म्हणून मला हे सहकार्य मैत्रीचं वाटतच नाही. रशियाला एकटं सोडायचं नाही म्हणून इंग्रज बरोबर गेले आणि त्या दोघांना एकटं सोडायचं नाही म्हणून फ्रेंच. तिघांनी एकमेकांच्या बाह्या धरून ठेवल्या होत्या.

४ एप्रिल १८२६ ला सेंट पीटर्सबर्गला इंग्लंड आणि रशियाचा करार झाला. ६ जुलै १८२७ ला लंडनच्या तहात फ्रान्स सामील झाला. मागणी अशी: दोन्ही बाजूंनी लढाई थांबवावी, ग्रीकांना सुलतानाच्या छत्राखाली स्वायत्तता मिळावी. तहात एक कलम असंही होतं की तिघांपैकी कोणीही यातून मुलूख, खास वर्चस्व किंवा व्यापारी सवलत मिळवणार नाही. आणि एक गुप्त कलम: महिन्याभरात तुर्कांनी ऐकलं नाही, तर तिन्ही सत्ता दोन्ही पक्षांची टक्कर होऊ देणार नाहीत, पण स्वतः युद्धात भाग घेणार नाहीत. हे 'गुप्त' कलम थोड्याच दिवसांत लंडनच्या वर्तमानपत्रात छापून आलं, ते सोडा.

आता ते वाक्य पुन्हा वाचा. टक्कर होऊ द्यायची नाही, पण लढायचंही नाही. समोर इब्राहिमचं आख्खं आरमार. कॉड्रिंग्टनने कॉन्स्टँटिनोपलच्या (आजचं इस्तंबूल) इंग्रज वकिलाला, स्ट्रॅटफर्ड कॅनिंगला, खुलासा विचारला. उत्तराचा मथितार्थ असा की बाकी सगळे उपाय थकले, तर शेवटी तोफेच्या गोळ्याने. सरकारी कागदावर 'शांतता' आणि खाजगीत 'बघून घ्या'. आपल्याकडे सरकारी नोकरी केलेल्या कोणालाही ही भाषा नवीन नाही.

२५ सप्टेंबरला कॉड्रिंग्टन आणि द रिनी इब्राहिमला भेटले. सुलतानाकडून हुकूम येईपर्यंत आरमार हलवत नाही, असं तो तोंडी म्हणाला. त्याच आठवड्यात ग्रीकांच्या चाकरीतल्या हेस्टिंग्ज नावाच्या इंग्रजाने आपल्या वाफेच्या जहाजाने कोरिंथच्या आखातात तुर्की जहाजं जाळली. इब्राहिमचं म्हणणं, मी हात बांधून बसायचं आणि त्यांनी मारायचं? त्याने पात्रा बंदराकडे जहाजं काढली, कॉड्रिंग्टनने ती माघारी वळवली. मग इब्राहिमच्या फौजेने मेसिनियातल्या गावांवर, ऑलिव्ह आणि अंजिराच्या झाडांवर राग काढला.

हिवाळा तोंडावर, बाहेर समुद्रात वेढा धरून राहणं अवघड. १८ ऑक्टोबरला तिन्ही सरखेल कॉड्रिंग्टनच्या 'एशिया' जहाजावर बसले आणि ठरलं की खाडीत आत शिरून त्यांच्या उशाशीच नांगर टाकायचे. लढायला म्हणून नव्हे, 'समजवायला'.

२० तारखेला दुपारी दोनच्या सुमारास मंद वाऱ्यावर ओळीने जहाजं आत शिरली. दोस्तांची सत्तावीसच्या आसपास, त्यात लाइनची, म्हणजे युद्धाच्या रांगेत उभी राहणारी, मोठी दहा. समोर ऐंशीच्या घरातली तुर्की आणि इजिप्शियन जहाजं घोड्याच्या नालेसारखी उभी, पण त्यांत मोठी फक्त तीन, बाकी फ्रिगेटं आणि लहानसहान. आदल्या दिवसांत द रिनीने इजिप्शियन ताफ्यातल्या फ्रेंच अधिकाऱ्यांना पत्र धाडलं होतं की आपल्या निशाणावर गोळी झाडायची वेळ येऊ देऊ नका, निघा. ही नालेची रचना त्यांच्यापैकीच एकाने आखलेली! इब्राहिम स्वतः त्या दिवशी तिथे नव्हता. मोहरम बे या इजिप्शियन सेनानीने निरोप पाठवला, आत यायची परवानगी नाही. कॉड्रिंग्टनचं उत्तर: मी हुकूम घ्यायला नाही, द्यायला आलोय.

त्यांनी आधी झाडल्याशिवाय आपली तोफ उडता कामा नये, अशी इंग्रजांना ताकीद होती. 'डार्टमथ' फ्रिगेटच्या शेजारी तुर्कांची एक आगनौका होती, ती पेटवायची तयारी दिसली. तिला हटवायला होडी पाठवली, तिच्यावर बंदुका झडल्या, एक तरुण लेफ्टनंट पडला. मग 'डार्टमथ' आणि द रिनीच्या 'सिरेन'ने बंदुकांनी उत्तर दिलं, पलीकडून तोफ उडाली, आणि पुढचे चार तास कोणाच्या हातात काही राहिलं नाही. मोहरम बेकडे बोलणी करायला गेलेला ग्रीक दुभाषाही मारला गेला.

संध्याकाळी सहापर्यंत तुर्की-इजिप्शियन आरमार संपलं. तिन्ही दोस्तांची मिळून सुमारे १८० माणसं गेली, जहाज एकही बुडालं नाही. समोरच्या बाजूला मेलेल्यांचा आकडा हजारांत. युद्ध जाहीर झालं नव्हतं, ना आधी, ना त्या रात्री.

आणि 'एशिया'. ८४ तोफा, मुंबईच्या गोदीत नवरोजी जमशेटजी वाडियांच्या देखरेखीखाली सागात बांधलेलं, १८२४ मध्ये पाण्यात सोडलेलं. आराखडा मात्र फ्रेंच! नाईलच्या लढाईत १७९८ मध्ये इंग्रजांनी 'फ्रँक्लिन' नावाचं फ्रेंच जहाज पकडलं, ते त्यांना इतकं आवडलं की त्याच्यावरून पुढे जहाजांची मालिकाच काढली. म्हणजे नकाशा फ्रेंच, साग हिंदुस्थानी, सुतार मुंबईचे, निशाण इंग्रजी, आणि त्याच्यावर बसून रशियनांबरोबर मसलत.

सुरमई

जबरी धागा. वाचनखूण साठवली आहे. एक बाळबोध प्रश्न: मग ही दोस्ती टिकली किती दिवस?

पेठेतला वाचक

लेख माहितीपूर्ण, पण निष्कर्षाशी असहमत. इंग्रज कधी 'चुकून' लढत नाहीत हो. कागदावर संदिग्ध लिहायचं, काम करून घ्यायचं आणि नंतर हात झटकायचे, ही त्यांची जुनी खोड. आपण दीडशे वर्षं तेच पाहिलं. ठरवून केलेलं होतं सगळं.

गलबतवाला

@पेठेतला वाचक, मोह मलाही झाला होता असं म्हणायचा. पण ज्या पंतप्रधानाने हा तह घडवला तो जॉर्ज कॅनिंग ८ ऑगस्टलाच वारला होता. मागे राहिलेलं मंत्रिमंडळ लुळंपांगळं. जानेवारी १८२८ मध्ये वेलिंग्टन पंतप्रधान झाला आणि महिनाअखेर राजाच्या भाषणात या विजयाचा उल्लेख 'अनटोवर्ड इव्हेंट' असा आला. म्हणजे नको तेव्हा उद्भवलेलं झेंगट. स्वतःच्या आरमाराच्या विजयाला कोण असं म्हणतं? आणि त्याच वर्षी कॉड्रिंग्टनला परत बोलावून घेतलं. ठरवून केलं असतं तर एवढी चिडचिड झाली नसती. तुर्कस्तान खिळखिळं झालं की फायदा रशियाचा, हे वेलिंग्टनला दिसत होतं.

@सुरमई, सहा महिने. एप्रिल १८२८ मध्ये रशियाने एकट्याने तुर्कांवर युद्ध पुकारलं. ज्या गोष्टीसाठी इंग्रजांनी रशियाची बाही धरली होती, तेच झालं.

पेठेतला वाचक

म्हणजे इंग्रज हुशार नव्हते, गोंधळलेले होते, असं म्हणायचंय. बरं. हे पचायला जरा वेळ लागेल. :)

अष्टागरकर

पेठेतल्या काकांना पचायला सोपं जावं म्हणून आमच्या अलिबागचं उदाहरण देतो. अवांतर वाटलं तर संपादकांनी खुशाल उडवावं.

१७२१. मुंबईचे इंग्रज आणि गोवा-वसईचे पोर्तुगीज एकमेकांचं तोंड बघत नव्हते. मुंबई बेट पोर्तुगीजांनी लग्नाच्या आंदणात दिलं खरं, पण माहीमच्या जकातीपासून सगळ्यावर भांडणं. १७२० मध्ये तर इंग्रजांनी पोर्तुगीज पाद्र्यांना मुंबईतून बाहेर काढलं होतं. पण कान्होजी आंग्रे दोघांनाही नकोसा. इंग्रजांचे १७१७ मध्ये विजयदुर्गावर आणि पुढच्या वर्षी खांदेरीवर हात पोळले होते. मग ऑगस्ट १७२१ मध्ये दोघांचा करार झाला: मिळून कुलाबा, म्हणजे अलिबागचा समुद्रातला किल्ला, घ्यायचा. इंग्लंडहून कमोडोर मॅथ्यूज राजाची चार लढाऊ जहाजं घेऊन आलेला, पोर्तुगीजांचा व्हाइसरॉय जातीने आला, तळ चौलला.

डिसेंबरात हल्ला झाला आणि फसला. बाजीराव घोडदळ घेऊन उतरला, बरोबर पिलाजी जाधव. मग काय? पोर्तुगीजांनी इंग्रजांना बाजूला ठेवून बाजीरावाशी बोलणी केली. ९ जानेवारी १७२२ ला वरसोलीला तह होऊन मोकळे. मॅथ्यूज इतका भडकला की त्याने पोर्तुगीज सेनानीवर काठी उगारली, असं इंग्रजांचेच वृत्तांत सांगतात. (हा मॅथ्यूज म्हणजे जन्माचा भांडकुदळ. पुढे १७४४ मध्ये तूलाँच्या लढाईत स्वतःच्याच दुय्यमाशी भांडला आणि चौकशी होऊन आरमारातून बडतर्फ झाला.)

वरसोलीच्या किनाऱ्यावर आज रविवारी घोडागाडीत बसणाऱ्या मुंबईकरांना यातलं काही ठाऊक नसतं. आम्हालाही शाळेत दोन ओळींत उरकलं होतं.

मला वाटतं फरक हा: कुलाब्याला दोघांनी एकमेकांवर भरवसा ठेवला आणि तोंडघशी पडले. नवारिनोला कोणाचाच कोणावर भरवसा नव्हता, म्हणून एकेकट्याने तह करायची सोयच ठेवली नव्हती.

गलबतवाला

अष्टागरकर, दंडवत घ्या. शेवटचं वाक्य मला मूळ लेखात सुचायला हवं होतं. फक्त एक पुरवणी. भरवसा कागदावर नव्हता, पण धुरात थोडा आला. 'ब्रेस्लाऊ' या फ्रेंच जहाजाच्या कप्तानाला दिसलं की रशियन 'अझोव्ह' आणि इंग्रज 'अल्बियन' अडचणीत आहेत. आपली जागा सोडून तो त्यांच्या मदतीला गेला. त्याला तसा हुकूम नव्हता.

लाल तरबूश

सगळं ठीक, पण 'सहकार्य' या शब्दाला माझा आक्षेप आहे. एखाद्या सार्वभौम राज्याच्या बंदरात, त्याच्याशी युद्ध जाहीर न करता, त्याच्या नाकावर तोफा लावून नांगर टाकायचे आणि मग 'त्यांनी आधी गोळी झाडली' म्हणायचं? हेच उलट झालं असतं, म्हणजे तुर्की आरमार टेम्स नदीत शिरून नांगर टाकतं, तर आपण त्याला काय म्हटलं असतं? सुलतानाने नुकसानभरपाई मागितली, ती फेटाळली गेली, डिसेंबरात तिन्ही वकील कॉन्स्टँटिनोपल सोडून निघून गेले.

आणि ग्रीक म्हणजे सगळे बिचारे, हे चित्रही अर्धंच. १८२१ मध्ये त्रिपोलित्सा घेतल्यावर ग्रीकांनी तिथल्या मुसलमान आणि ज्यू रहिवाशांची कत्तल केली, तेव्हा लंडन-पॅरिसच्या वर्गणीवाल्यांना कंठ फुटला नव्हता.

गलबतवाला

त्रिपोलित्साबद्दल पूर्ण सहमत, ते लिहायचं राहिलं ही माझी चूक. 'सहकार्य' शब्दाबद्दल नाही. तिघे मिळून दरोडा घालतात तेव्हाही आपसात सहकार्य असतंच की. मी शब्द प्रशंसेने वापरलेला नाही.

सुरमई

+१. आणि दरोड्यातला वाटा कोणाला किती मिळाला, तेही सांगा.

गलबतवाला

तहातल्या 'काही घेणार नाही' या कलमाचं पुढे काय झालं, असंच ना? फ्रेंच फौज १८२८ च्या उन्हाळ्यात मोरियात उतरली, इब्राहिम ऑक्टोबरात घरी गेला. रशियाने १८२९ मध्ये ॲड्रियानोपलच्या तहात डॅन्यूबच्या मुखाशी मुलूख घेतला. इंग्रजांनी आग्रह धरला की आता ग्रीस नुसतं स्वायत्त नको, स्वतंत्रच हवं, कारण अर्धवट स्वायत्त ग्रीस म्हणजे रशियाला ढवळाढवळीचं दार उघडं. ३ फेब्रुवारी १८३० ला लंडनमध्ये तशी कागदपत्रं झाली. गादीवर बसवायला बव्हेरियाचा राजपुत्र ओटो आणला, वय सतरा. ग्रीकांना यातलं काही विचारलं नव्हतं, हे वेगळं सांगायला नको.

अथेन्सवासी

बरेच दिवस वाचनमात्र होतो, या धाग्याने लिहितं केलं. नोकरीनिमित्त अथेन्सला आहे. व्हिक्टोरिया मेट्रो स्थानकाच्या आसपास कॉड्रिंग्टन, द रिनी आणि हेडन या तिघांच्याही नावाचे रस्ते आहेत. मी त्यातल्या एका रस्त्यावर दोन वर्षं राहिलो आणि भाडेकराराच्या कागदावर नाव लिहूनही ते कोण, याचा पत्ता नव्हता.

पिलोसला मागच्या वर्षी जाऊन आलो. गावाच्या मधोमध जो चौक आहे त्याचं नावच 'तीन सरखेलांचा चौक'. चिनारासारखी मोठी झाडं, खाली कॉफीच्या खुर्च्या, मधोमध स्तंभ आणि त्यावर तिघांच्या प्रतिमा. दर २० ऑक्टोबरला लढाईच्या स्मरणार्थ तिथे पुष्पचक्रं वाहतात.

खाडी पाहिल्यावर मला पहिल्यांदा लढाई कळली. समोर स्फाक्टेरिया नावाचं लांबट बेट आडवं पडलंय, त्यामुळे आत जायची मोठी वाट दक्षिणेकडून एकच. किल्ला त्या वाटेच्या तोंडावरच, गावाला लागून. म्हणजे ही जहाजं किल्ल्याच्या तोफांखालून आत गेली. आत गेल्यावर पळायला जागा नाही, ना त्यांना, ना ह्यांना. पाणी इतकं शांत की तलावच. शिडांच्या जहाजांची ही शेवटची मोठी लढाई म्हणतात, पण शीड फुगवायचा प्रश्नच नव्हता. सगळे नांगर टाकून, समोरासमोर उभे राहून एकमेकांना फोडत होते.

गोदीतला

वडील नौदल गोदीत कामाला होते, म्हणून नाव असं. सागाबद्दल दोन शब्द. ओक लाकडात आम्ल असतं, ते लोखंडी खिळे खातं. सागात तेल असतं, खिळा टिकतो आणि वाळवीही फिरकत नाही. म्हणून मुंबईची जहाजं इंग्रजांच्या स्वतःच्या जहाजांपेक्षा जास्त वर्षं चालायची. १८१७ चं 'ट्रिंकोमाली' हे जमशेटजी बमनजींनी बांधलेलं फ्रिगेट इंग्लंडात हार्टलपूलला आजही पाण्यावर तरंगतंय. चीनने हाँगकाँग इंग्रजांना दिलं तो नानकिंगचा तह १८४२ मध्ये ज्या 'कॉर्नवॉलिस' जहाजावर झाला, तेही मुंबईचंच. आमच्या सागाने बरीच पापं वाहिली आहेत.

बखरकार

उशिरा आलो. रशियन 'अझोव्ह'बद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. तिचा कप्तान लाझारेव्ह, अंटार्क्टिकाच्या बर्फापर्यंत जाऊन आलेला. त्याच्या हाताखाली नवारिनोला तीन पोरं होती: नाखिमोव्ह, कोर्निलोव्ह, इस्तोमिन. तिघेही पुढे ॲडमिरल झाले. नाखिमोव्हने १८५३ मध्ये सिनोप या तुर्की बंदरात तुर्की आरमार जाळलं. या वेळी मात्र इंग्रज आणि फ्रेंच तुर्कांच्या बाजूने उतरले. क्रिमियात सेव्हस्तोपोलच्या वेढ्यात कोर्निलोव्ह ऑक्टोबर १८५४ मध्ये पडला, इस्तोमिन मार्च १८५५ मध्ये, नाखिमोव्ह त्याच उन्हाळ्यात. मारणारे तोफगोळे आणि गोळ्या नवारिनोच्या दोस्तांच्या.

कॉड्रिंग्टनचा एक मुलगा हेन्री नवारिनोला 'एशिया'वर होता, जखमी झाला. दुसरा मुलगा विल्यम सैन्यात गेला. सेव्हस्तोपोल पडल्यावर क्रिमियातल्या इंग्रज फौजेचा सरसेनापती कोण झाला असेल? हाच विल्यम कॉड्रिंग्टन. बाप ज्यांच्या शेजारी लढला, मुलगा त्यांच्यावर चालून गेला. आणि कोणाला यात काही विचित्र वाटलं असेल असं नाही.

सुरमई

अंगावर काटा. गलबतवाले, 'एशिया'चं शेवटी काय झालं?

गलबतवाला

पोर्ट्समथ बंदरात म्हातारपण काढलं, पहाऱ्याचं जहाज म्हणून. १९०८ मध्ये विकून टाकलं. चौऱ्याऐंशी वर्षं, म्हणजे एका तोफेमागे एक वर्ष.

गोदीतला

तिच्या थोरल्या बहिणीचं, 'गँजेस'चं, नशीब बरं. तीही मुंबईचीच, १८२१ ची. १९३० च्या सुमाराला तोडली, पण तिची कप्तानाची खोली डेव्हनमधल्या बर्ग बेटावरच्या हॉटेलवाल्यांनी उचलून नेऊन आपल्या इमारतीत बसवली. अजून आहे. तिकडे कोणी मराठी मंडळी असतील तर जाऊन एक चहा प्या आणि फोटो इथे टाका.